गाडी भरायला चाललेलं गाव

खोली भाड्यानं मागायला मी गेले, तेव्हा घरमालकांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या येण्यानं गावाचा फायदा काय?"

मी नुकतीच जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले होते. नाशकातून चांदवडला उतरून, तिथून खडखडत्या गाडीनं धुळीत न्हाऊन या गावात आले होते. फायद्याचा विचार काही केला नव्हता. म्हटलं, "मी पोरांना शिकवीन."

"त्याचा पगार तुम्हाला सरकार देतं. तो विषय वेगळा. साखर, चहा, साबण कुठून घेणार?"

"महिन्याला घरी जाईन तेव्हा नाशकातून आणेन."

"मग खोलीही नाशकातच बघा."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, पोरीला आधी पाणी तरी पिऊ द्या." पाणी आलं, मागोमाग अटी आल्या. साखर, चहा, साबण गावच्या दुकानातून घ्यायचा. चप्पल तुटली तर गावातच शिवून घ्यायची. "आणि नाहीच तुटली तर?" मी चेष्टेनं विचारलं. ते जरासुद्धा हसले नाहीत. "तर अधूनमधून तोडायची," ते म्हणाले. "एकाच्या तुटण्यावर दुसऱ्याचं चालतं. यालाच अर्थव्यवस्था म्हणतात."

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. पुढची बरीच वर्षं मी त्या खोलीत काढली.

सगळं गाव त्यांना फोरमन म्हणायचं. फोरमन ते कधीच नव्हते. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात ते तपासनीस होते. पण तपासनीस म्हटलं की गावाला गाडीत तिकीट तपासणारा माणूस आठवायचा, म्हणून गावानंच त्यांना बढती देऊन टाकली होती. आयुष्यभर त्यांनी विमानाचे पत्रे जोडणारे रिव्हेट तपासले. बोटाच्या पेरानं टकटक करायची, कान लावायचा, आवाज बरा आला तर निळ्या खडूनं बरोबरची खूण करायची. मुदतीआधी निवृत्ती घेऊन ते गावी आले, तेव्हा विमानं तिथंच राहिली आणि टकटक सोबत आली. दार, रांजण, दुधी भोपळा, म्हशीची पाठ, जे समोर येईल त्यावर ते टकटक करायचे. गावातल्या निम्म्या म्हशींच्या पुठ्ठ्यावर निळी खूण असायची. एकदा मला ताप आला, तर पाठीवर टकटक करून म्हणाले, "आत काही सैल नाही. पडून राहा."

ते गावी का आले, हे त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, मला भाकऱ्या थापता थापता सांगितलं. पूर्वी मोठा रस्ता गावातून जायचा. चहाची दुकानं होती, पंक्चरवाला होता, रात्रंदिवस ट्रक थांबायचे. मग रस्त्यानं गावाला वळसा घातला आणि एकेक दुकान मिटलं. सुट्टीला गावी आले की फोरमन मिटलेल्या दुकानांच्या फळ्यांवर टकटक करत फिरायचे. एका दिवाळीला टकटक करून परतले ते म्हणाले, "गाव पोकळ वाजतंय." पुढच्या वर्षी नोकरी सोडली.

"मला विचारलं नाही हो," काकू म्हणाल्या. "राजीनामा देऊन आले आणि म्हणाले, सामान बांध."

आल्या आल्या त्यांनी भंगारातून एक भोंगा मिळवला आणि तो माळवदावर बसवला. सकाळी आठला एकदा, दुपारी एकला एकदा, संध्याकाळी पाचला एकदा. गावात कुणालाच पाळीवर जायचं नव्हतं. "कामाची वेळ झाली हे कळलं की माणूस काम शोधतो," असं त्यांचं म्हणणं. काम कुणी शोधलं नाही, पण जेवायला मात्र सगळे एकच्या भोंग्याला बसू लागले. एकदा समोरच्या मांडवात लग्न चालू होतं, भटजी अजून मंगलाष्टकांच्या मध्यावर होते आणि एकचा भोंगा झाला. वऱ्हाडानं तोच मुहूर्त समजून अक्षता टाकल्या, बँडवाल्यांनी बँड लावला, नवऱ्यानं गोंधळून हार घातला. भटजी संतापून आमच्या दारात आले, "अहो, मुहूर्ताला अजून अवकाश होता!"

फोरमननी घड्याळ काढून दाखवलं. "भोंगा चुकलेला नाही. तुमचं पंचांग बघा."

त्या जोडप्याचा संसार उत्तम झाला. फोरमन तोही गावाच्या प्रगतीत धरायचे.

प्रगती ते दर वर्षी जाहीर करायचे. एक एप्रिलला, मारुतीच्या पारावर. पहिल्या वर्षी मी त्यांना भीत भीत सुचवलं की त्या दिवशी लोक एकमेकांना फसवतात, हसतील. ते म्हणाले, "आर्थिक वर्ष त्या दिवशी सुरू होतं, त्याला मी काय करू? ज्यांना हसायचंय त्यांनी सभेआधी हसून घ्यावं." आणि खरोखरच, सभा सुरू करण्यापूर्वी ते सगळ्यांना हसायला थोडा वेळ द्यायचे. लोक इमानदारीत हसायचे. मग ते खाकरायचे आणि अहवाल सांगायला लागायचे.

त्यांची मोजमापं त्यांचीच होती. गावातली कुत्री परक्या माणसाला भुंकतात, तेव्हा भुंकणं वाढलं म्हणजे येणारी-जाणारी माणसं वाढली. "यंदा भुंकण्यात समाधानकारक वाढ," ते सांगायचे. मागच्या साली गावात शीळ घालत चालणारं कुणी नव्हतं, यंदा दुकानदाराचा धाकटा घालतो, ही प्रगती. एका वर्षी त्यांनी वेशीवर 'येथे वाहने उभी करू नयेत' अशी पाटी लावली. गावात वाहन म्हणजे एक बैलगाडी आणि सरपंचाची बंद पडलेली लूना.

"पाटी कशाला फोरमन?" कुणीतरी ओरडलं. "उभी करायला गाडी तर पायजे!"

"पाटी वाचली की माणसाला वाटतं, इथं गाड्या येत असतील," फोरमन म्हणाले. "वाटणं आधी येतं. गाड्या मागून येतात."

आणि वाट चुकलेला एक टेम्पोवाला त्या पाटीपाशी थांबला, घाबरत घाबरत विचारू लागला की मग गाडी उभी करायची कुठं? फोरमन त्याला हाताला धरून दुकानापर्यंत घेऊन गेले, चहा पाजला, खारी घ्यायला लावली. पुढच्या एप्रिलला तो टेम्पोवाला अहवालात होता.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि आम्ही नेतही होतो. मग गाडी बंद व्हायची वेळ आली.

आमच्या गावाला एकच गाडी. सकाळी येऊन चांदवडला न्यायची, संध्याकाळी परत आणून सोडायची. माझी शाळा सातवीपर्यंत. आठवीला चांदवडला जायचं तर याच गाडीनं. त्या वर्षी पहिल्यांदाच गावातल्या चार पोरी आठवीला गेल्या होत्या. त्यांच्या आयांना मी किती पटवलं होतं ते माझं मला ठाऊक. त्यातल्या रंजनाच्या वडिलांनी तर बजावून ठेवलं होतं, "बाई, गाडी हाय तवर शाळा. गाडी बंद, शाळा बंद. चालत काय पोरीला पाठवायचा नाय मी." आणि डेपोतून निरोप आला की या फेरीला माणसं नाहीत, महिन्याभरात बंद करणार.

मी रडवेली होऊन फोरमनकडे गेले. ते भोंग्याला तेल घालत होते.

"माणसं नाहीत म्हणतात? एवढंच ना?" ते म्हणाले. "माणसं आहेत की. ती फक्त गाडीत नाहीत."

संध्याकाळी त्यांनी घरोघरी फिरून पाळ्या लावल्या. रोज प्रत्येक आळीतून काही माणसांनी चांदवडला जायचं.

"कशाला जायचं?" लोक विचारायचे.

"परत यायला."

"आन् तिथं करायचं काय?"

"ते तुमचं तुम्ही बघा. माझं काम गाडीपुरतं."

त्यांचा सगळा भर म्हाताऱ्यांवर होता, कारण म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट पडायचं. "अर्ध्या तिकिटात अख्खं डोकं," ते खुशीत म्हणायचे. त्यामुळे सकाळची गाडी काठ्या, चष्मे आणि तपकिरीच्या डब्यांनी भरून जायची. त्यांच्या मधे चार पोरी दप्तरं मांडीवर घेऊन बसलेल्या. भागाआजी म्हणून एक होत्या. लग्न होऊन आल्या त्यानंतर त्यांनी गाव सोडलं नव्हतं. पहिल्या पाळीला त्या नवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून गाडीत बसल्या. घरच्यांनी वेशीपर्यंत येऊन ओवाळलं. संध्याकाळी परत आल्या तेव्हा अख्खी आळी जमली.

"कसं हाय चांदवड, आजी?"

"मी स्टँडवरच व्हते," आजी म्हणाल्या. "बाकडं लय चांगलं हाय. उद्या पण जाती मी. कुनाची पाळी आसंल ती मला द्या."

डेपोत मात्र संशय आला. ओस पडलेली गाडी एकाएकी भरते कशी? एके सकाळी एक साहेब स्वतः गाडीत चढले. मीही त्या दिवशी शाळेच्या कामाला चांदवडला निघाले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. फोरमननी सगळ्यांना उत्तर पाठ करून दिलं होतं: 'कामानिमित्त'. साहेब एकेकाला विचारत मागे सरकले.

"आजोबा, कुठं निघालात?"

"कामानिमित्त."

"तुम्ही?"

"कामानिमित्त."

असं करत ते भागाआजींपाशी आले. "आजी, तुम्ही कशाला चाललात?"

आजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "गाडी भरायला," त्या म्हणाल्या.

रंजनानं माझा हात घट्ट धरला. साहेब वळून म्हणाले, "म्हणजे तुम्ही सगळे विनाकारण प्रवास करताय?"

मागच्या बाकावरून फोरमन उठले. वरचा दांडा धरून, कारखान्यात साहेबापुढे उभं राहावं तसे ताठ. "हो साहेब. तिकीट काढून. विनाकारण प्रवास करू नये असा नियम आहे का?"

साहेबांनी बराच वेळ विचार केला. कंडक्टरनंही छताकडे बघून विचार केला. तसा नियम कुणालाच आठवेना.

"आहे असं वाटत नाही," साहेब शेवटी म्हणाले.

"मग आम्ही उद्याही येऊ."

साहेब चांदवडला उतरले ते डोकं खाजवतच. पण गाडी बंद झाली नाही.

खरी गंमत पुढं झाली. सकाळी गेलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत करायचं काय, हा प्रश्न फोरमननी ज्याचा त्याच्यावर सोडला होता. माणसं कंटाळली. रिकाम्या हातानं स्टँडवर किती बसणार, म्हणून भागाआजींनी सोबत कोथिंबिरीच्या जुड्या नेल्या आणि बाकड्यावर मांडल्या. त्या दुपारपर्यंत खपल्या. दुसऱ्या दिवशी शेजारणीनं मेथी नेली. तिसरीनं शेवंतीची फुलं. एक म्हातारा दिवसभर एका सायकल दुकानासमोर बसून बघायचा. बघून बघून त्याला पंक्चर काढायला यायला लागलं आणि त्यानं गावातल्या मिटलेल्या पंक्चरच्या दुकानाची फळी उघडली. दुकानदार पूर्वी महिन्यातून एकदा माल भरायचा, तो आठवड्याला भरू लागला. आता कुणाला पाळी सांगावी लागत नव्हती, उलट जागेवरून भांडणं व्हायची. त्या एप्रिलच्या सभेत फोरमन खाकरले, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "यंदा कुत्री भुंकायची थांबली आहेत. एवढी माणसं येतात की त्यांनी नाद सोडला. यापेक्षा जास्त मला काही सांगायचं नाही."

तेव्हा आम्हाला वाटलं होतं की गोष्ट इथं संपली. पण दोन-तीन वर्षांत जिपा आल्या. गावातल्याच संपतनं जुनी जीप घेतली, मग आणखी कुणी घेतली. जीप हवी तेव्हा निघायची, माणसाला दारात सोडायची. भाजी नेऊन दुपारच्या जेवणाला परत येता यायचं. संध्याकाळच्या गाडीची वाट कोण बघणार? बघता बघता गाडी पुन्हा ओस पडली. डेपोतून पुन्हा तोच निरोप आला.

"प्रगती जास्त झाली," फोरमन मला म्हणाले. असं हात गाळून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "गाव सुधारलं म्हणून गाडी जाते. आता मी गावाला काय सांगू? सुधारू नका म्हणून?"

पोरी आता चारच नव्हत्या, चांगल्या डझनाच्या वर गेल्या होत्या. संपतच्या जिपेत माणसं मागं लटकत जायची. "लटकत पोरीला धाडू का बाई?" असं रंजनाची आई आता धाकटीसाठी मला विचारायची, आणि तिचंही बरोबरच होतं.

फोरमन पुन्हा घरोघरी गेले. या वेळी कुणी ऐकलं नाही. लोकांना आता खरंच कामं होती. "फोरमन, धंदा सोडून गाडीत बसू का?" लोक म्हणायचे. मग ते एकटेच बसू लागले. रोज सकाळी जायचं, दिवसभर स्टँडवर थांबायचं, संध्याकाळी यायचं. काही दिवसांनी एक डोकं कमी पडतंय म्हणून काकूही जायला लागल्या. म्हटलं तर ती दोन म्हातारी माणसं आणि पोरी, एवढीच गाडी. काकू गाडीत शेंगा सोलायच्या, लसूण निवडायच्या. गवारीची देठं पोरींकडून मोडून घ्यायच्या. भोंगा वाजवायला घरी कुणी नसे. लोक एकच्या जेवणाला कधी बाराला बसायचे, कधी दोनला. चिडचिड करायचे.

असा मार्च संपला. एक एप्रिलला सकाळी पारावर नेहमीप्रमाणं माणसं जमली. सभेची सवय झाली होती, शिवाय हसायला मिळायचं. फोरमनचा पत्ता नाही. कुणीतरी सांगत आलं की ते गाडीत बसलेत आणि उतरायला तयार नाहीत.

आम्ही सगळे गाडीपाशी गेलो. फोरमन खिडकीतून म्हणाले, "गाडी सोडून मला येता येत नाही. ज्यांना सभा हवी त्यांनी आत यावं."

"आन् तिकीट?"

"सभा फुकट आहे. तिकीट गाडीचं."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. भागाआजी आता वाकून पार अर्ध्या झाल्या होत्या. त्यांनी काठी आधी आत टाकली. "मला उचला रे," त्या म्हणाल्या. त्यांना उचलून आत ठेवलं आणि त्यांच्या मागं सगळं गाव चढलं. संपतही चढला, कारण त्याच्या जिपेत बसायला माणूस उरला नव्हता. दारात लोंबकळणाऱ्यांना कंडक्टर आत ढकलत होता आणि आनंदानं त्याचे डोळे भरून आले होते.

गाडी निघाली. फोरमननी हसायला वेळ दिला. मग वार्षिक सभा सुरू झाली. वाक्य अर्ध्यावर असताना खड्डा यायचा आणि उरलेलं वाक्य सगळ्यांच्या दातात अडकायचं. पुढच्या थांब्यावर एक बोकडवाला चढला, बोकडासकट. त्याला वाटलं लग्नाचं वऱ्हाड आहे.

"ठराव असा," फोरमन ओरडून म्हणाले. "पोरींच्या वेळेला सकाळची आणि संध्याकाळची गाडी गावानं भरायची. बाकी दिवसभर जिपा. संपत, तुझं म्हणणं?"

संपत दोन म्हाताऱ्यांच्या मधे चेपला होता. एरवी त्याच्या जिपेमागं माणसं लटकायची, तसा आज तो स्वतः लटकलेला होता, किंवा त्याला तसं वाटलं असावं. तो म्हणाला, "मंग त्या टायमाला मी चहा पिईन. माझी काय हरकत नाय. जरा बोकड सरकवा."

"मंजूर म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

गर्दीत हात वर करणं सोपं नव्हतं. पण सगळ्यांनी केले. बोकडवाल्यानंही केला. फोरमननी त्याचं मत धरलं.

तो ठराव गावानं पाळला. मी तिथं असेपर्यंत तरी गाडी चालू होती. रंजना नर्स झाली, तिची बहीण तिच्याही पुढं शिकली.

पण त्या दिवशीची सभा तिथं संपली नाही. चांदवडला गाडी रिकामी झाली, सगळं गाव स्टँडवर गोळा झालं. फोरमन समारोपाला बाकड्यावर चढले. एवढ्यात काकूंनी पिशवी खांद्याला लावली आणि शेजारी लागलेल्या नाशिकच्या गाडीकडे निघाल्या.

"अगं, कुठं?" फोरमननी वरूनच विचारलं.

"पेठला. बहिणीकडे."

"पेठला? आज?"

"नाशकात गाडी बदलली की आहे पेठची गाडी. मी विचारून ठेवलंय. रोज इथं बसून दुसरं काय करत होते?"

"पण समारोप राहिलाय."

"करा की तुम्ही," काकू म्हणाल्या. रागावलेल्या नव्हत्या. नोकरी होती तोवर प्रत्येक सुट्टी गावात आणि गावी आल्यावर गावाचीच कामं, म्हणून बहिणीच्या घराचा उंबरा त्यांनी अजून पाहिलेला नव्हता, हे मला मागाहून कळलं. त्या गाडीत चढल्या आणि खिडकीशी बसल्या.

फोरमननी गावाकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. कंडक्टरनं घंटी दिली. तेव्हा ते बाकड्यावरून जे उतरले ते धावतच सुटले. धावता धावता मागे वळून ओरडले, "बाई! समारोप तुम्ही करा!"

चालत्या गाडीचा दांडा धरून ते आत गेले. मी सगळ्या गावापुढे उभी. म्हटलं, "चला, आपापली कामं उरकून घ्या. संध्याकाळी गाडी आहे."

आठेक दिवसांनी दोघं परतली. काकू पुढं, फोरमन मागं, डोक्यावर नागलीचं गाठोडं. पाराशी लोकांनी अडवलं. "काय फोरमन, पेठची प्रगती कशी काय? काय काय पाह्यलं?"

फोरमननी गाठोडं खाली ठेवलं, खाकरले, तोंड उघडलं.

"ते काय सांगणार?" काकू म्हणाल्या. "रोज झोपले होते. मी हिंडले. बसा, मी सांगते." आणि पदर खोचून त्या पारावर बसल्या.